कुंपण शेत खातें तेव्हां

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या विचारला गेला आहे. विचारणाऱ्याच्या मनांत त्या वेळीं बहुधा एखादा लांचखाऊ अंमलदार किंवा विश्वासघातकी कारभारी असतो. मनुष्याच्या शरीरांतहि हाच प्रकार घडूं शकतो, हें वैद्यकशास्त्राला मात्र फार उशिरां कळून आलें. लहान मुलांस जडणारा मधुमेह हा अशाच कुंपणाच्या अपराधाचा परिणाम होय. शरीराच्या रक्षणासाठीं नेमलेल्या पांढऱ्या पेशी स्वादुपिंडांतील एका अत्यंत उपयुक्त पेशीसमूहावर उलटतात व त्याचा हळूहळू नाश करितात. त्या कां उलटतात, ह्याचा शोध शंभराहून अधिक वर्षें चालू आहे. आणि त्याच्या उत्तराचा कांहीं भाग आतां त्या पेशींच्या जनुकांत, त्यांतहि त्या जनुकांच्या कार्यांत, सांपडूं लागला आहे.

ज्या घरांत हा रोग शिरतो, तेथें हा प्रश्न वेगळ्याच शब्दांत विचारला जातो. कालपर्यंत अंगणांत हुंदडणारें मूल एकाएकीं पाणी पाणी करूं लागतें, रात्रीं पुनःपुन्हां लघवीस उठतें, खाऊनपिऊनहि वाळत जातें. डॉक्टर रक्त तपासून रोगाचें नांव सांगतात, आणि आई मनांतल्या मनांत हिशेब करूं लागते. लाडू अधिक दिले काय? पेढ्यांचा हट्ट पुरविला तें चुकलें काय? सासरचीं माणसें माहेरच्या वंशाकडे बोट दाखवितात, तर माहेरचीं सासरच्या. बालमधुमेहाच्या संशोधनाचा इतिहास ह्या दोन्ही आरोपांना उत्तर देतो, आणि म्हणूनच तो शास्त्रज्ञांइतकाच गृहस्थांच्याहि उपयोगाचा आहे.

मधुमेह एकाच प्रकारचा नसतो, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे ‘सहज’ व ‘अपथ्यनिमित्तज’ असे दोन भेद केले असून, पहिल्याचा रोगी कृश व तृषार्त, तर दुसऱ्याचा स्थूल व बहुभोजी असतो, असें सांगितलें आहे. सुश्रुताचा सहज प्रमेह म्हणजेच आजचा बालमधुमेह, असें समीकरण मांडणें धाडसाचें होईल. परंतु रोग्याच्या देहयष्टीवरून रोगाचें मूळ निराळें असावें असा तर्क करणारी ती दृष्टि खचित कौतुकास्पद आहे.

अर्वाचीन शोधाचा आरंभ जर्मनींत झाला. १८६९ सालीं बर्लिन येथें पाउल लँगरहान्स नांवाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत स्वादुपिंडाच्या सूक्ष्म रचनेचें वर्णन केलें. पाचक रस तयार करणाऱ्या पेशींच्या विस्तारांत मधून मधून निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके त्याला दिसले. पण त्यांचें कार्य काय, हें त्याला सांगतां आलें नाहीं. १८८९ सालीं स्ट्रासबुर्ग येथें मिंकोव्स्की व फॉन मेरिंग ह्या दोघांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें आणि त्या कुत्र्यास तीव्र मधुमेह जडला. रोगाचें घर सांपडलें. १८९३ सालीं लागेस ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सचीं बेटें’ हें नांव दिलें, आणि नव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत ओपी ह्यानें मधुमेही रोग्यांच्या शवविच्छेदनांत हीं बेटेंच बिघडलेलीं पाहिलीं. घरांतली खोलीहि आतां कळली. ह्याच सुमारास, १९०२ सालीं, श्मिट नांवाच्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाला एका मधुमेही बालकाच्या बेटांत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली दिसली. कुंपण शेतांत शिरलेलें मनुष्याच्या दृष्टीस पडलें तें हें असें. परंतु पाहणाऱ्याला त्याचा अर्थ उमगला नाहीं.

त्या गर्दीकडे कोणाचें फारसें लक्ष जाऊं नये, हें त्या काळीं स्वाभाविकच होतें. बालमधुमेह म्हणजे तेव्हां मृत्यूची शिक्षा होती. अमेरिकेंत अॅलन ह्यांची उपासाची चिकित्सा प्रसिद्ध होती. तिच्यायोगें मुलें कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें अधिक जगत. पण तीं हाडांचे सांपळे होऊन जगत. मग १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें मॅक्लाउड ह्यांच्या प्रयोगशाळेंत बँटिंग व बेस्ट ह्यांनीं स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं लिओनार्ड टॉम्प्सन नांवाच्या १४ वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई टोंचण्यांत आली. अर्क अशुद्ध असल्यामुळें तिचा म्हणण्यासारखा गुण आला नाहीं. कॉलिप ह्यांनीं खपून तो शुद्ध केला, आणि २३ जानेवारीस पुन्हां सुई देतांच रक्तांतील साखर उतरूं लागली. मरणाच्या दारांत उभा असलेला तो मुलगा आणखी १३ वर्षें जगला. इन्शुलीनचा हा शोध मानवजातीला मिळालेल्या थोर देणग्यांपैकीं एक आहे, ह्याविषयीं दुमत होणार नाहीं.

तथापि इन्शुलीनच्या ह्या यशामुळेंच रोगाचें मूळ कांहीं काळ दृष्टीआड झालें, हेंहि खरें. मुलें जगूं लागलीं. आणि वीस-तीस वर्षांनीं त्यांपैकीं कोणी मरण पावल्यावर त्याचें स्वादुपिंड तपासलें, तर तेथें पांढऱ्या पेशींचा मागमूसहि नसे. शेत फस्त करून कुंपण केव्हांच आपल्या जागीं परतलेलें असे! मग अपराध सिद्ध कसा व्हावा? १९३६ सालीं इंग्लंडांत हिम्सवर्थ ह्यांनीं इन्शुलीनला दाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार प्रयोगानें वेगळे करून दाखविले. १९४० सालीं फॉन मेयेनबुर्ग ह्यांनीं बेटांतील त्या गर्दीस ‘इन्सुलायटिस’ हें नांवहि दिलें. परंतु ती गर्दी रोगाचें कारण, कीं रोगाच्या मागाहून आलेली बघ्यांची जमात, ह्याचा निवाडा होईना.

हा खटला पुन्हां उभा केला तो ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स ह्यानें. त्यानें जुन्या रोग्यांचा नाद सोडून, रोग उघडकीस आल्यावर अल्पावधींतच मरण पावलेल्या २२ रुग्णांचीं स्वादुपिंडें मिळविलीं व तपासलीं. त्यांपैकीं १५ जणांच्या बेटांत लसिकापेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींतील रक्षकदलाचे शिपाई, दाटीवाटीनें जमलेले आढळले. १९६५ सालीं हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चोरी होऊन गेल्यावर वर्षांनंतर पंचनामा करण्याऐवजीं ती ताजी असतांनाच त्यानें केला, एवढेंच त्याचें कौशल्य. पण तेंच निर्णायक ठरलें.

गेप्ट्सचें म्हणणें पटण्यास एक वैचारिक अडथळाहि दूर व्हावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॉल एर्लिक ह्या थोर जर्मन शास्त्रज्ञानें, शरीर स्वतःवर शस्त्र धरण्यास भितें असा विचार मांडला होता. त्याच्या मागून आलेल्यांनीं त्याचा अर्थ, असें कधीं घडतच नाहीं, असा करून घेतला. मोठ्या माणसाच्या वचनाचा असा अर्थ झाला म्हणजे तो पुसून काढण्यास पुष्कळ काळ लागतो. १९५६ सालीं अमेरिकेंत रोझ व विटेब्स्की ह्यांनीं सशांमध्यें स्वतःच्याच कंठस्थ ग्रंथीवर हल्ला घडवून दाखविला. त्याच वर्षीं लंडनमध्यें रॉइट, डोनिआक व त्यांचे सहकारी ह्यांनीं असा हल्ला मनुष्यांतहि होत असल्याचें सिद्ध केलें. त्याच डोनिआक बाईंच्या हाताखालीं काम करणाऱ्या बोताझ्झो ह्यानें १९७४ सालीं मधुमेह्यांच्या रक्तांत बेटांविरुद्ध तयार झालेलीं प्रतिद्रव्यें शोधून काढलीं. कुंपणाचा अपराध आतां कागदोपत्रीं शाबीत झाला.

परंतु सर्वच मुलांचें कुंपण असें वागत नाहीं. मग थोड्यांचेंच कां वागतें? १९७३-७४ च्या सुमारास कॅनडा, डेन्मार्क व इंग्लंड येथील संशोधकांना असें दिसून आलें कीं, हा रोग आणि सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए नांवाचीं जनुकें ह्यांचा निकट संबंध आहे. हीं जनुकें ज्या प्रथिनांची घडण ठरवितात तीं पेशीच्या पृष्ठभागावर तबकांसारखीं असतात. त्या तबकांत निरनिराळ्या द्रव्यांचे तुकडे ठेवून ते रक्षक पेशींस दाखविले जातात, आणि त्यावरून आपला कोण व परका कोण हें त्या ओळखतात. १९८७ सालीं टॉड, बेल व मॅकडेविट ह्यांनीं दाखविलें कीं, ह्यांपैकीं एका तबकाच्या घडणींत ५७ व्या स्थानीं कोणतें अमिनो आम्ल आहे, ह्यावर रोगाचा धोका बऱ्याच अंशीं अवलंबून असतो. आनुवंशिक धोक्याचा सुमारें निम्मा वांटा ह्या एचएलए जनुकांकडेच जातो.

येथेंच वंशाला दोष देणाऱ्यांनीं क्षणभर थांबावें. धोक्याचीं हीं जनुकें असलेल्या मुलांपैकीं बहुतेकांना हा रोग कधींच होत नाहीं. उलट, ज्यांना होतो त्यांपैकीं बहुसंख्य मुलांच्या घराण्यांत तो पूर्वीं कोणालाच झालेला नसतो. एकरूप जुळ्यांचीं जनुकें सारखींच असतात, तरी एकाला रोग झाला म्हणून दुसऱ्याला तो होतोच असें नाहीं. झालाच तर कित्येकदां वर्षानुवर्षांच्या अंतरानें होतो. तेव्हां जनुकांत काय लिहिलें आहे, एवढें पाहून भागत नाहीं. जें लिहिलें आहे तें कोठें, केव्हां व किती जोरानें वाचलें जातें, हेंहि पाहणें प्राप्त होतें.

हा भेद एका परिचित उपमेनें स्पष्ट होईल. शरीरांतील जवळजवळ प्रत्येक पेशीजवळ जनुकांची एकच संपूर्ण पोथी असते. परंतु प्रत्येक पेशी आपल्यापुरता नेमलेला अध्याय तेवढा वाचते. बेटांतील पेशी इन्शुलीनचा अध्याय उघडते, तर रक्षक पेशी युद्धाचा. पोथीच्या समासांत जागोजाग सूचना असतात: हें मोठ्यानें वाचावें, हें हळू वाचावें, हें झांकून ठेवावें. जनुकांचें कार्य म्हणतात तें हेंच वाचन होय. मूळ शब्दांत काडीचाहि फरक नसतां केवळ समासांतील सूचनेंत फरक पडला, तरी पाठाचा परिणाम पालटतो.

ह्या तत्त्वाचा अत्यंत सुंदर पुरावा १९९७ सालीं पुढें आला. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची ग्रंथि असते. बालपणीं ती मोठी असते व वय वाढतां वाढतां आटत जाते. ती रक्षक टी पेशींची शाळा होय, हें १९६१ सालीं मिलर ह्यांच्या प्रयोगांमुळें कळूं लागलें होतें. ह्या शाळेंतील परीक्षा मोठी विलक्षण असते. शरीराच्या निरनिराळ्या अवयवांतील द्रव्यांचे नमुने तेथें मांडले जातात, आणि जी पेशी स्वकीयांच्या नमुन्यावर चवताळून धांवते तिचा तेथेंच शेवट केला जातो. ह्या नमुन्यांत इन्शुलीनहि असतें. आतां, इन्शुलीनच्या जनुकाच्या अगदीं उंबरठ्यावर एका लहानशा अक्षरमालेची पुनरावृत्ति असते; कांहींजणांत ती आंखूड असते, कांहींजणांत लांब. लांब पुनरावृत्ति असणाऱ्यांस हा मधुमेह कमी होतो, एवढें आधींपासून ठाऊक होतें. कारण मात्र ठाऊक नव्हतें. माँट्रिअल व मायामी येथील दोन संशोधक गटांनीं असें दाखविलें कीं, लांब पुनरावृत्ति असली म्हणजे थायमसमध्यें इन्शुलीनचें जनुक दोन ते तीन पट अधिक जोरानें वाचलें जातें. म्हणजे तेथें नमुना ठळक दिसतो, आणि चुकार शिपाई शाळेंतच पकडले जातात. नमुना अंधुक असला तर ते निसटतात, व पुढें केव्हां तरी बेटांच्या वाटेला लागतात. इन्शुलीनच्या घडणींत येथें कोणताच दोष नाहीं. दोष आहे तो पाठ हळू म्हटला गेल्याचा.

ह्यानंतर संशोधनाचें क्षेत्र झपाट्यानें विस्तारलें. २००७ सालीं ब्रिटनमध्यें एका मोठ्या सहकारी उद्योगांत सात रोगांपैकीं प्रत्येकाच्या सुमारें २,००० रुग्णांचीं जनुकें ३,००० इतर व्यक्तींच्या जनुकांशीं ताडून पाहण्यांत आलीं. बालमधुमेह हा त्या सातांपैकीं एक होता. पुढें जगांतील अनेक देशांनीं ह्या कामीं हातभार लावला. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तर ५,२०,५८० व्यक्तींची माहिती एकत्र केली होती. ह्या सर्व खटाटोपांतून धोका वाढविणारीं वा घटविणारीं साठांहून अधिक स्थळें हातीं आलीं, आणि त्यांतील बहुसंख्य स्थळें जनुकांच्या मूळ शब्दांत नसून त्या समासांतील सूचनांत आहेत असें आढळून आलें. ह्या सूचना कोणत्या पेशी पाळतात, ह्याचाहि तपास झाला. २०१५ सालच्या एका शोधानुसार त्या प्रामुख्यानें लसिकापेशींत कार्यरत असतात. म्हणजे धोक्याचें मूळ पुष्कळसें शेतांत नाहीं, कुंपणांत आहे.

एवढें कळल्यावर हा बिघाड नेमका केव्हां सुरू होतो, हें पाहणें शक्य झालें. जर्मनींत १९८९ पासून व फिनलंडांत १९९४ पासून धोक्याच्या मुलांचें जन्मापासून निरीक्षण सुरू झालें होतें. २००४ पासून अमेरिका, फिनलंड, जर्मनी व स्वीडन ह्या चार देशांनीं मिळून ४,२०,००० हून अधिक नवजात बालकांची तपासणी केली व त्यांतून निवडलेल्या आठ हजारांहून अधिक मुलांचा माग ठेवला. आयांनीं आपलीं तान्हीं मुलें दर कांहीं महिन्यांनीं रक्त देण्यासाठीं आणलीं, आणि तींहि वर्षानुवर्षें आणलीं. ह्या इतिहासांत शास्त्रज्ञांचीं नांवें राहतील. परंतु ज्यांच्या चिकाटीवर तो उभा आहे त्या मातांचीं नांवें कोठेंच लिहिलेलीं नाहींत.

त्या थेंबाथेंबानें जमलेल्या रक्तांतून दोन महत्त्वाच्या गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली ही कीं, ज्या मुलांच्या रक्तांत बेटांविरुद्ध दोन किंवा अधिक प्रतिद्रव्यें दिसूं लागतात, त्यांपैकीं सुमारें ७० टक्के मुलांना पुढील १० वर्षांत मधुमेह होतो. हा निष्कर्ष २०१३ सालीं १३,३७७ मुलांच्या निरीक्षणावरून निघाला. दुसरी गोष्ट २०१४ सालीं फिनलंड व जर्मनी येथील मुलांच्या रक्ताच्या अभ्यासांतून पुढें आली. विषाणूंची चाहूल लागतांच शरीर इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडतें व त्यासरशीं रक्षक पेशींतील कांहीं ठराविक जनुकें जोरानें वाचलीं जाऊं लागतात. कांहीं मुलांत हें वाचन प्रतिद्रव्यें दिसण्याच्याहि आधीं तात्पुरतें वाढलेलें आढळलें, आणि नुकत्याच होऊन गेलेल्या सर्दीपडशासारख्या श्वसनमार्गाच्या विकाराशीं त्याचा संबंध दिसला. ह्यावरून सर्दीनें मधुमेह होतो असा निष्कर्ष काढणें सर्वथा चुकीचें ठरेल; सर्दी कोणत्या मुलाला होत नाहीं? परंतु मुलाला तहान लागण्याच्या कितीतरी आधीं त्याच्या रक्षक पेशींत कांहीं हालचाल सुरू झालेली असते, एवढें त्यावरून निश्चित झालें.

ह्या ज्ञानाला एक मोठी मर्यादाहि आहे. तें बहुतांशीं युरोपीय वंशाच्या मुलांच्या रक्तावरून मिळविलेलें आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील संशोधकांनीं हैद्राबाद व इंग्लंडांतील एक्झीटर येथील सहकाऱ्यांसह ह्याची कसोटी पाहिली. युरोपीयांवरून बसविलेलें आनुवंशिक धोक्याचें गणित भारतीय रुग्णांस लागू पडतें काय, हा त्यांचा प्रश्न होता. २०२० सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें उत्तर असें कीं, गणित उपयोगी पडतें, परंतु युरोपीयांच्या बाबतींत पडतें तितकें नाहीं. परक्याच्या मापानें शिवलेला अंगरखा अंगांत जातो खरा. पण तो नेमका बसावयाचा तर आपलें माप आपणच घ्यावें लागतें.

संकट आधीं कळावें, पण टाळतां येऊं नये, तर तें कळण्यांत लाभ कोणता? पुष्कळ वर्षें ह्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हतें. मुलाच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आढळलीं असें सांगणें म्हणजे आईबापांच्या उशाशीं काळजी आणून ठेवणें, एवढाच त्याचा अर्थ होई. २०१९ सालीं ह्यांत पालट झाला. टेप्लिझुमाब नांवाचें औषध टी पेशींच्या पृष्ठभागावरील एका रेणूला चिकटून त्यांचा जोर ओसरवितें. तें रोग्यांच्या ७६ नातेवाइकांवर वापरून पाहण्यांत आलें; त्यांपैकीं बहुतेक १८ वर्षांच्या आंतील होते, आणि सर्वांच्या रक्तांत धोक्याचीं चिन्हें उमटलेलीं होतीं. औषध फक्त १४ दिवस शिरेवाटे द्यावयाचें होतें. ज्यांना तें मिळालें नाहीं त्यांच्यांत रोग उघडकीस येण्याचा मध्यम काळ सुमारें २४ महिने भरला. ज्यांना मिळालें त्यांच्यांत तो सुमारें ४८ महिन्यांवर गेला. १७ नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेच्या सरकारी औषध खात्यानें ह्या औषधास मान्यता दिली. बालमधुमेह लांबणीवर टाकणारें, मान्यता पावलेलें हें पहिलें औषध होय.

रोग बरा झाला नाहीं, टळलाहि नाहीं. फक्त लांबला, आणि तोहि सरासरीनें दोन वर्षें. कोणी म्हणेल कीं, दीडशें वर्षांच्या खटाटोपाचें हें फळ अल्पच आहे. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यांत दोन वर्षें म्हणजे काय, ह्याचा हिशेब त्याच्या आईला विचारावा. तितके दिवस सुई नाहीं, शाळेंत घेरी येण्याचें भय नाहीं, रात्रीं उठून साखर तपासणें नाहीं. जें कुंपण आवरणें केवळ अशक्य मानलें जात होतें त्याला प्रथमच थोडा लगाम बसला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

आणि त्या आईच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर तर आतां निःसंदिग्धपणें देतां येतें. लाडवांनीं हा रोग झाला नाहीं, पेढ्यांनीं झाला नाहीं. माहेरच्या अथवा सासरच्या कोणत्याहि एका माणसाच्या माथीं तो मारतां येत नाहीं. दोन्ही घराण्यांतून आलेल्या अनेक बारीक सूचनांचा तो एक दुर्मिळ मेळ आहे, आणि त्यावर बाहेरच्या कोणत्या तरी निमित्ताची ठिणगी पडलेली आहे. त्यांतील एकहि सूचना कोणी बुद्धिपुरःसर लिहिलेली नाहीं. मुलाला वेळेवर इन्शुलीन मिळावें, तें कोणत्याहि गरीब घराच्या आवांक्याबाहेर नसावें, आणि आईनें स्वतःला अपराधी मानूं नये, एवढें जरी ह्या दीर्घ शोधापासून समाज शिकला, तरी त्या शोधाचें पुष्कळसें चीज झालें असें म्हणावयास हरकत नाहीं.